गेटवरचा माझा आवाज

१३ मार्च

मंगळवार, ११ मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

या वेळी तुमच्या कारखान्यातल्या सगळ्या लाउडस्पीकरांवरून एका बाईचं नाव पुकारलं गेलं आणि पुढे नेहमीचं वाक्य आलं, "आपल्या घरचं माणूस दारावर आलं आहे. कृपया गेटवर यावं." ती बाई चष्म्याची काच तपासत होती. तिने काच मखमलीवर ठेवली, टेबलावरचा दिवा मालवला आणि गेटवर गेली. तिथे तिचा नवरा उभा होता. ज्याच्या घरातून ती डिसेंबरात एका पिशवीनिशी निघाली, तोच. हा माणूस आला तर मला पुकारू नका, असं तिने तुमच्या विभागाला जानेवारीतच लिहून दिलं होतं.

आणि तिला पुकारणारा आवाज माझा होता.

मायना राहिला. "प्रिय धाकटे" लिहावं, तर माझ्या निवृत्तीनंतरच्या आठ वर्षांत तू एकदा साधी चौकशी केली नाहीस. "माननीय विभागप्रमुख" लिहावं, तर सख्ख्या बहिणीला माननीय म्हणताना हसू येतं. तेव्हा मायन्यावाचून वाच. आमच्या वेळी तुझ्या विभागाला पर्सोनेल म्हणायचे, आता मनुष्यबळ म्हणता. मनुष्य कुठे दिसत नाही, बळ तेवढं दिसतं.

तुमच्या फायलीत सापडणार नाही म्हणून आठवण देते. घरून कोणी आलं की हॉलमध्ये पुकारायचं आणि माणसाला ताबडतोब सोडायचं, ही या कारखान्याची जुनी रीत. पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवली जायची. तीस वर्षं मी टेलिफोन बोर्डावर बसले आणि ही हाक मारली. मग तू मला एका बंद खोलीत माइकसमोर बसवून आठवडाभर का-कि-की, ता-ति-ती वाचायला लावलंस. "ताई, आगीच्या सूचनेसाठी लागतंय," म्हणालीस. सिस्टरांनी शाळेत शिकवल्याप्रमाणे शेवटचं अक्षर न गिळता मी सगळी वाचली. महिन्याने माझी जागा रद्द झाली आणि मी निवृत्त. आता वॉचमन बटण दाबतो आणि यंत्र माझ्या तुकड्यांतून हवं ते नाव जुळवतं. या बाईचं नाव मी त्या इमारतीत कधी उच्चारलेलं नाही. ती कामाला लागली तेव्हा मी घरी भाजी निवडत होते.

तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गाडीच्या दारात "सापडली". "सापडली" हा तुमच्या वॉचमनच्या जबाबातला शब्द आहे. ती आता कुठे आहे ते मी तुला सांगणार नाही.

माझ्या दोन मागण्या आहेत. तिचं नाव त्या बटणावरून काढा. माझा आवाज त्या यंत्रातून काढा.

तुझी मोठी बहीण


१८ मार्च

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, खाली शिक्का, सही तुझ्या सहायकाची. "सदर प्रसंग हा कर्मचाऱ्याची कौटुंबिक बाब असून कारखान्याच्या आवारात घडला हा केवळ योगायोग आहे." वा. दार तुमचं, स्पीकर तुमचा, बटण तुमचं, वॉचमन तुमचा. फक्त बोटं तिची. म्हणून कौटुंबिक बाब.

पुढे म्हणतेस, न्यायालयाचा आदेश आणल्याशिवाय कुठल्याही नातेवाइकाला भेटीपासून रोखता येत नाही. मग मी नोकरीत असताना माझ्या घरच्या बिलाच्या चौकशीला आलेल्या वीज कंपनीच्या माणसाला तुमचा वॉचमन दीड तास उभा करायचा, ते कुठल्या न्यायालयाच्या आदेशाने?

सगळं सांगते, कारण अर्धवट सांगितलं की तुम्ही उरलेलं अर्धं आपल्या सोयीचं भरता.

पहिल्या पत्रात सांगणार नाही म्हटलं होतं, पण ती माझ्याकडे राहते. माझी मागची खोली भाड्याने द्यायची होती, ती बघायला आली. मी दार उघडून "कोण हवंय?" एवढंच म्हटलं, आणि ही पोर उंबऱ्यावरच थबकली. मग हसायला लागली. "अय्या, तुम्ही त्या? तुम्ही माणूस आहात?" म्हणाली. तिला वाटायचं, स्पीकरमधली बाई यंत्रच आहे. मी म्हटलं, अजून तरी माणूस आहे, भाडं मात्र पहिल्या तारखेला. तेव्हापासून मी तिला भिंगवाली म्हणते आणि ती मला मावशी.

नवरा तुमच्या फाटकासमोर दोनदा दिसला. म्हणून आम्ही ठरवलं की मंगळवारपासून शिफ्ट सुटताना मी गेटवर उभी राहायचं. तिच्या शेजारच्या टेबलावरची बाई सांगत होती. पुकारा झाला तेव्हा भिंगवाली हसून म्हणाली, "मावशी आल्या वाटतं. पाचला सांगितलं तरी लवकरच येणार, घड्याळावर विश्वासच नाही त्यांचा."

कळलं का तुला? आवाज माझा होता. आणि घरचं माणूस म्हटल्यावर तिला आता मीच आठवते. म्हणून ती धावत गेली.

मी साडेचारला पोचले. मला लवकर जायची खोड आहेच. काचांची खोकी भरलेला ट्रक फाटकात आडवा लागला होता, त्याच्यामागे त्याची गाडी अडकली होती. तो ट्रक नसता तर मी आज हे पत्र वेगळ्या पत्त्यावर लिहीत असते. ती पुढच्या सीटवर बसली होती. हात मांडीवर, हाताभोवती वॉचमनने आणून दिलेला ओला फडका. वॉचमन खिडकीशी वाकून माफी मागत होता. कोणाची? नवऱ्याची. "साहेब, राग मानू नका, दार जरा जपून लावायला हवं होतं." आणि नवरा हसून त्याला म्हणत होता, "आमची ही अशीच वेंधळी. घरीसुद्धा काही ना काही लावून घेते."

नीटनेटका माणूस आहे. इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. तुझ्या ऑफिसात आला तर तू त्याला चहा पाजशील.

तेवढ्यात वर खांबावरचा स्पीकर बोलायला लागला. दुसऱ्याच कोणाचं नाव, पॅकिंगमधल्या माणसाचं. मी तिथे उभी होते, तोंड मिटलेलं, आणि मी बोलत होते. आठ वर्षांपूर्वीची मी, दात पडायच्या आधीची. तो आवाज म्हातारा झालेला नाही. मी ऐकत राहिले आणि मला क्षणभर वाटलं की खरी तीच, मी तिच्यातून गळून पडलेली कोणीतरी आहे. एवढं वाटलं आणि ट्रक हलला.

मी गाडीचं दार उघडलं. "उतर."

"काकू, तुम्ही कोण?" नवरा म्हणाला.

"घरचं माणूस," मी म्हटलं. "दारावर आलंय."

त्याने माझ्याकडे बघायच्या आधी खांबावरच्या स्पीकरकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. त्याचा रंग उतरला. तेवढ्यात मी तिला बाहेर ओढलं. पण जाताना मागे वळून पाहिलं तर तो घाबरलेला नव्हता. तो विचार करत होता.

तो काय विचार करत होता ते मला अजून कळलेलं नाही. तुझ्या सहायकाला सांग, पुढचं उत्तर स्वतः बाईंना लिहू दे.

ताई


२४ मार्च

उत्तर नाही. ठीक. मी लिहीत राहते, मला दुसरं काही करता येत नाही. का ते सांगते.

मी घरात बोलणं बंद केलं आहे.

हस, हस. मी गप्प बसले हे ऐकून तू आनंदाने एक दिवस रजा टाकशील. शाळेत माझ्या तोंडावर चिकटपट्टी लावावी असं सिस्टरांना वाटायचं, हे तूच घरी येऊन सांगायचीस.

बुधवारी, म्हणजे गेटवरच्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी, मी स्वयंपाकघरातून तिला चहाला हाक मारली. नावाने. ती खिडकीशी बसली होती, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून. हाक ऐकून ती उठली. शांतपणे पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या, पुढच्या दारापाशी गेली, कडी काढली आणि दार उघडून बाहेर तोंड करून उभी राहिली. मी कप हातात घेऊन मागून आले.

"अगं, कुठे निघालीस?"

तिने वळून पाहिलं. तिचे डोळे झोपेतल्या माणसासारखे होते. "तुम्हीच तर बोलावलंत," म्हणाली.

मग तिला भान आलं, आणि तिने जी माफी मागायला सुरुवात केली ती थांबेना. माफी तिने का मागायची, धाकटे? ज्यांनी पुकारलं त्यांनी का नाही?

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी हाक न मारता नुसतं "ऐकलंस का" म्हटलं, तरी तिचा डावा हात पिशवीकडे गेला. तेव्हापासून मी पाटीवर लिहिते. चहा. औषध. पाऊस आहे, खिडकी लाव. ती हसून मान हलवते आणि आपण बोलते, भरपूर बोलते, माझ्याही वाटचं. मी मोरीत नळ सोडून हळूच दोन शब्द बोलून बघते. आवाज आहे. पण स्वतःच्या घरात चोरून वापरावा लागतो. तुमच्याकडे मात्र तो दिवसभर मोकळा फिरतो.

काल तिच्या शेजारच्या टेबलावरची बाई भेटायला आली. तो तपासणीचा हॉल तू कधी आतून पाहिलास का? सगळा अंधार, प्रत्येक टेबलावर एकच दिवा, मागे काळं कापड. काच कडेला धरून उजेडात फिरवायची, ओरखडा दिसला की बाजूला. दोन ओळींत बायका, तोंडं अंधारात, नुसते हात दिसतात. ही बाई म्हणाली,

"बाई, तिची जागा रिकामीच आहे. स्टूल तसंच. पण रोज चार दहाला तिचं नाव पुकारतात."

मी पाटीवर लिहिलं, कोण?

"कोण म्हणजे? तुम्हीच." आणि ती कसंनुसं हसली. "म्हणजे तुमचा तो आवाज. आपल्या घरचं माणूस दारावर आलं आहे. रोज. आम्ही सगळ्या हात थांबवून त्या स्टुलाकडे बघतो. परवा एक नवी पोर रडायलाच लागली. म्हणाली, ती बाई जिवंत आहे ना?"

"सुपरवायझरला सांगितलं?" भिंगवालीने विचारलं.

"सांगितलं. तो म्हणतो, गेटवर माणूस येतो, घरचा आहे, कार्ड दाखवतो. नियमाप्रमाणे पुकारावं लागतं. ती रजेवर आहे हे बटणाला कुठे ठाऊक?"

 भिंगवालीने नुसतं घड्याळाकडे पाठ करून स्टूल फिरवलं.

तुला हे माहीत नव्हतं असं मी धरून चालते. आता माहीत झालं.

ताई


२९ मार्च

आज दुपारी तो माझ्या रस्त्यावर आला.

मी वरच्या गच्चीत कपडे काढत होते. ती खाली. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि खालून माझा आवाज आला. स्वच्छ, शेवटचं अक्षर न गिळता. तिचं नाव. आपल्या घरचं माणूस दारावर आलं आहे. कृपया गेटवर यावं.

माझ्या हातातली चादर खाली पडली. मी तोंडाला हात लावून पाहिला, बंद होतं. पुन्हा तेच वाक्य. पुन्हा. प्रत्येक वेळी अगदी तितकंच मृदू. कठड्यावरून वाकले तर समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर तो बसलेला, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर मोबाइल, तोंड वर. माझ्याकडे बघून त्याने नमस्कार केला.

मी जिना कसा उतरले ते मला सांगता येणार नाही. ती दारापाशी होती. पिशवी खांद्याला, चपला पायात, हात कडीवर. वरून मी ओरडले असते तर? "थांब" म्हणाले असते तर? माझ्याच आवाजात दोन हुकूम, एक बाहेरून, एक आतून. ती कुठला पाळती? मी ओरडले नाही. जाऊन तिच्या आणि दाराच्या मधे उभी राहिले आणि पाटी तिच्या तोंडासमोर धरली. पाटी कोरी होती, लिहायला सवड झाली नाही. ती त्या कोऱ्या पाटीकडे बघत राहिली आणि हळूहळू जागी झाली. बाहेर मी बोलतच होते.

पोलिसांना तिनेच फोन केला, तिच्या आवाजात. ते येईपर्यंत तो गेला होता. हवालदाराने विचारलं, "धमकी दिली का?" ती म्हणाली, नाही. "काय म्हणाला?" ती म्हणाली, तो काहीच म्हणाला नाही. "मग कोण बोललं?"  काय सांगणार? त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि जाताना मला म्हणाला, "आजी, तुम्ही काहीच बोलत नाही?"

आता विचार कर. तो रोज तुमच्या गेटवर येऊन तिला पुकारून का घेत होता? ती नाही हे त्याला ठाऊक होतं. तो स्पीकरखाली मोबाइल धरून उभा राहायचा. तुमच्या बटणाने, तुमच्या नियमाने, तुमच्या वॉचमनच्या डोळ्यांदेखत त्याने माझा आवाज उचलून नेला. आणि माझा पत्ता? तोही तुमच्याकडून. मी शेजारच्या टेबलवालीकडून चौकशी करवली. तिने खोली घेतली तेव्हा ऑफिसात नोंदवला होता, तो तुमच्या कारकुनाने दिला, कारण जवळचा नातेवाईक म्हणून त्याचंच नाव लिहिलेलं आहे आणि जवळच्या नातेवाइकाला माहिती द्यायची असते. जवळचा. तीन बोटं मोडण्याइतका जवळचा.

याच्यावर कडी म्हणजे तुमचं पत्र आजच आलं. कामाच्या वेळेत परवानगीशिवाय आवाराबाहेर गेल्याबद्दल खुलासा करावा, आणि सोमवार, सात एप्रिलला हजर न झाल्यास जागा रिकामी समजण्यात येईल. तुम्हीच पुकारलंत, ती गेली, आणि गेली म्हणून खुलासा.

तिला ती जागा हवी आहे. मी पाटीवर लिहिलं, सोड ती नोकरी, दुसरी बघू. ती भडकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "मावशी, घर सोडलं मी. तेही सोडू? सगळं त्यालाच ठेवू का? तो अंधारातला दिवा माझा आहे. तिथे मला काच दिसते, ओरखडा दिसतो, बाजूला ठेवता येतो. घरात कुठे ठेवता येत होता?" आणि मग हळूच, "पण त्यांनी पुकारलं तर मी पुन्हा जाईन. मला माझी खात्री नाही."

म्हणून मी आता एक गोष्ट कागदावर आणते, जी मी कागदावर आणणार नव्हते.

तू "कौटुंबिक बाब" लिहिलंस. तुझ्या काळ्या चष्म्याच्या वेळी तीही कौटुंबिक बाबच होती ना? नाकारलेल्या मालातल्या काचा लावून तू पावसाळ्यातसुद्धा हिंडायचीस, आणि पोरी म्हणायच्या, काय ही फॅशन. तुझा नवरा आता नाही, मी त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. पण तो गेटवर यायचा. माझ्या केबिनला एक लहान खिडकी होती, त्यातून गेट दिसायचं. वॉचमन येऊन सांगायचा, "बाई, धाकट्या बाईंचे साहेब आलेत." मी उठून खिडकीतून त्याच्याकडे बघायची. हात कसे आहेत, जबडा कसा आहे. आणि म्हणायची, "सांग, त्या मागच्या गेटने बँकेत गेल्या." फोन आला तर, "लाइन बिझी आहे." किती वर्षं तुझी लाइन बिझी होती, धाकटे? तुझी एकटीचीच नव्हती. बायका चहाच्या वेळी केबिनपाशी येऊन नुसतं म्हणायच्या, "बाई, आज मी नाही हं." का, ते मी विचारायची नाही. कुठल्या नियमात नव्हतं ते. न्यायालयाचा आदेश कोणी आणला नाही. साहेबांना वाटायचं, बाई नावं पुकारते. मी पुकारत नव्हते त्याचाच पगार खरा होता.

तू माझा आवाज ठेवलास. माझी खिडकी बुजवलीस. यंत्राला नाही म्हणता येत नाही, आणि नाही म्हणायचं कोणी हे तुमच्या कुठल्याच धोरणात लिहिलेलं नाही.

तर ते लिहा. आम्ही दोघींनी संध्याकाळी बसून तयार केलं, ती बोलली, मी लिहिलं. पुकारण्याआधी माणसाला खाजगीत विचारा, कोण आलंय ते सांगा, आणि ती नको म्हणाली तर गेटवर सांगा की माहिती देता येत नाही, रजेवर आहे की आत आहे हेही नको. पत्ता, फोन, शिफ्ट कोणालाही नाही, नवऱ्यालाही नाही, बापालाही नाही. जवळचं माणूस कोण ते तिने ठरवायचं आणि केव्हाही बदलायचं. जो यायला नको त्याचा फोटो गेटवरच्या लोकांना द्या. (मी लिहिलं होतं, भिंतीवर लावा, ती म्हणाली, नको, सगळ्यांना कळेल, तेव्हा ड्रॉवरमध्ये. बघ, हे तिला विचारल्याशिवाय कळत नाही.) दवाखाना, पोलीस, घर बदलणं यासाठी पगारी रजा, आणि ती मागताना ओळीत उभं राहून कारण सांगायला लावू नका. मार खाऊन उशिरा आली तर उशिराचा शेरा मारू नका. शिफ्ट बदलून मागितली तर बदला. कागद मागू नका, तिचा शब्द घ्या. वीज कंपनीच्या माणसाला अडवायलाही माझा नुसता शब्द पुरायचा. आणि मारणारा तुमच्याच कारखान्यात असेल, तुमच्या फोनवरून धमकावत असेल, तर त्याला बोलवा, तिला नव्हे. शेवटी एक माणूस ठेवा. खिडकी असलेलं. ज्याच्यापाशी जाऊन नुसतं म्हणता येईल, "आज मी नाही."

हे सगळं लिहून झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, एवढं तर तुम्ही एकट्याच करायच्या." मी पाटीवर लिहिलं, म्हणूनच बंद पडलं.

ताई


२ एप्रिल

काल संध्याकाळी फोन वाजला. मी उचलला. भिंगवाली समोरच बसली होती, म्हणून मी बोलले नाही. पलीकडे कोणी श्वास घेत होतं. मला वाटलं तोच. मग तू म्हणालीस,

"ताई?"

मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"ताई, बोल ना काहीतरी." आणि, "मी तो आवाज रोज ऐकते, माहितीय? माझ्या खोलीतही स्पीकर आहे. वाटायचं, ताई आहे इथेच." मग नाक ओढलंस, लहानपणी ओढायचीस तसं. "मी बघते काय करता येतं ते." आणि फोन ठेवलास.

रात्री उशी ओली झाली ती माझी, एवढं लिहून ठेवते. तू विचारणार नाहीस म्हणून.

पण "मी बघते" मला चालणार नाही. तू बघशील, समिती नेमशील, समिती सहामाहीत बसेल, आणि सोमवारी चार दहाला वॉचमन बटण दाबेल. आज शेजारच्या टेबलवालीने निरोप पाठवला, कालही पुकारलं. कालचा पुकारा तुझ्या फोनच्या आधीचा म्हणून सोडून देऊ, पण आज? आजही. स्टूल अजून तिथेच आहे. नव्या पोरीने जागा बदलून घेतली.

भिंगवालीचं प्लास्टर काल निघालं. ती चमचा धरून बघते, मग माझा जुना चष्मा उजेडात फिरवते. "मावशी, याला किती ओरखडे!" म्हणाली. बोटं अजून थरथरतात, पण ओरखडा तिला दिसतो. सोमवारी ती येणार आहे. मी तिला थांबवणार नाही, आणि माझ्या आवाजाने तर नाहीच.

तेव्हा लेखी हवं. सही तुझी, सहायकाची नाही. तिचं नाव बटणावरून निघालं आहे, हे एक. माझी सगळी अक्षरं यंत्रातून पुसली आहेत, हे दुसरं. सोमवारी गेटवर कोण माणूस बसणार, ज्याला नाही म्हणायचा अधिकार आहे, त्याचं नाव, हे तिसरं. धोरण नंतर सावकाश टाइप करा, शिक्का मारा, पाहुण्यांना दाखवा. ही तीन वाक्यं आधी.

शुक्रवार, चार एप्रिल, दुपारी बारापर्यंत उत्तर माझ्या हातात पडलं नाही, तर मी एकला तुमच्या गेटवर येईन. वॉचमन विचारेल, कोणाला भेटायचं. मी त्याला तुझं नाव लिहून देईन. नातं विचारेल. तेही लिहीन, सख्खी बहीण. घरचंच माणूस, कार्ड दाखवीन. नियमाप्रमाणे त्याला बटण दाबावंच लागेल. मग तपासणीच्या अंधारात, पॅकिंगमध्ये, जिन्यात आणि तुझ्या टेबलावरच्या त्या स्पीकरमधून मी तुझं नाव घेईन. तुझीही अक्षरं मी त्या खोलीत वाचली होती. आपल्या घरचं माणूस दारावर आलं आहे. तुला हातातलं काम ठेवून यावं लागेल, नियम तुझाच आहे. मी खाली उभी असेन, तोंड मिटून. तू पायऱ्या उतरताना स्वतःला विचार, आज दारावर कोण असेल. ती पोर रोज तेच विचारते.

शुक्रवार, दुपारी बारा. लेखी.

ताई